वाचकांचे प्रश्न : मिठातून कॉस्टिक सोडा

कॉस्टिक सोड्याच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) कारखानदारीबद्दल आलेल्या पत्रांपैकी एकाच स्वरूपाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. कारखान्यागणिक बदलणाऱ्या आकड्यांचा पल्ला दिला आहे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात नेल्सन सेल आणि कास्टनर-केल्नर सेल अशा दोन पद्धती आहेत. विद्यार्थी विचारतात, आज कारखान्यात यांतली कोणती चालते?
— रसायनशास्त्राच्या शिक्षिका, सातारा

भारतात आज जवळपास सगळा कॉस्टिक सोडा तिसऱ्याच पद्धतीने, म्हणजे मेंब्रेन सेलमध्ये तयार होतो. पुस्तकातल्या आकृत्या इतिहास म्हणून शिकवायला हरकत नाही, पण मेंब्रेनचा धडा नसणे ही मोठी उणीव आहे.

तिन्ही पद्धतींत मूळ क्रिया एकच आहे. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की ॲनोडवर क्लोरीन निघतो, कॅथोडच्या बाजूला हायड्रोजन आणि कॉस्टिक मिळतो (पाऱ्याच्या सेलमध्ये हे दोन्ही पुढच्या पात्रात). ११७ भाग मीठ आणि ३६ भाग पाणी यांतून ८० भाग कॉस्टिक, ७१ भाग क्लोरीन आणि २ भाग हायड्रोजन मिळतो. अडचण पुढे आहे. क्लोरीन आणि कॉस्टिक एकमेकांना भेटले की हायपोक्लोराइट बनते, हायड्रोजन आणि क्लोरीन भेटले की स्फोट होऊ शकतो. या तिघांना वेगळे कसे ठेवायचे, याची तीन उत्तरे म्हणजे या तीन पद्धती.

नेल्सन सेल हा डायफ्राम सेलचा प्रकार. लोखंडी जाळीच्या कॅथोडवर ॲस्बेस्टॉसचा थर बसवलेला असतो. ॲनोडच्या बाजूला पाण्याची पातळी उंच ठेवतात, त्यामुळे खारे पाणी थरातून सतत कॅथोडकडे पाझरते आणि कॉस्टिकला उलटे येऊ देत नाही. पाझरताना मीठही सोबत जाते. हाती येणाऱ्या द्रावात १० ते १२ टक्के कॉस्टिक आणि १५-१६ टक्के मीठ असते. ११ टक्क्यांचा द्राव ५० टक्क्यांवर न्यायचा तर दर टन कॉस्टिकमागे साधारण साडेपाच टनांहून जास्त पाणी उडवावे लागते. आटवताना बहुतेक मीठ खाली बसते, तरी शेवटच्या मालात सुमारे १ टक्का उरतेच. द्राव जास्त तीव्र काढायचा म्हणून पाझर कमी केला, तर कॉस्टिक ॲनोडकडे सरकतो आणि क्लोरेट वाढते.

कास्टनर-केल्नर म्हणजे पाऱ्याचा सेल. हॅमिल्टन कास्टनर आणि कार्ल केल्नर यांनी 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढला. किंचित उतार दिलेल्या पोलादी पन्हळीतून पारा वाहतो, तोच कॅथोड. सोडियम पाऱ्यात विरघळते, पण त्याचे प्रमाण ०.२ ते ०.४ टक्क्यांच्या पुढे जाऊ देत नाहीत, नाहीतर पारा घट्ट होतो. हा पारा ग्राफाइटचे तुकडे भरलेल्या दुसऱ्या पात्रात जातो. तिथे शुद्ध पाणी सोडले की थेट ५० टक्क्यांचा, जवळजवळ मीठविरहित कॉस्टिक मिळतो आणि पारा पंपाने परत सेलमध्ये येतो. रेयॉनसाठी असाच माल लागत असल्याने ही पद्धत दीर्घकाळ टिकली. दोष दोन. व्होल्टेज ४ च्या वर असल्याने वीज जास्त लागते, आणि पारा थोडाथोडा हवेत, सांडपाण्यात, गाळात आणि मालातही जात राहतो.

मेंब्रेन सेलमध्ये दोन बाजूंच्या मध्ये फ्लोरिनयुक्त पॉलिमरचा पातळ पडदा असतो. तो सोडियमचे आयन जाऊ देतो, क्लोराइड आणि हायड्रॉक्सिल आयनांना बहुतांशी अडवतो. पडद्याला दोन मुख्य थर असतात : ॲनोडकडचा सल्फोनिक, जो वीज सहज जाऊ देतो, आणि कॅथोडकडचा पातळ कार्बोक्सिलिक, जो हायड्रॉक्सिलला रोखतो. थेट ३० ते ३३ टक्क्यांची लाय (कॉस्टिकचा पाण्यातला द्राव) मिळते, ५० टक्क्यांसाठी दर टनामागे फक्त १ ते १.३५ टन पाणी उडवायचे. जपानमध्ये आसाही केमिकलने नोबेओका येथे 1975 मध्ये या पद्धतीचा पहिला व्यापारी कारखाना चालू केला.

विद्यार्थ्यांना एक गोष्ट मात्र नीट सांगावी. जपानमधल्या मिनामाताची पाऱ्याची विषबाधा कॉस्टिकच्या कारखान्यामुळे झाली नव्हती; तो पारा ॲसिटाल्डिहाइड बनवणाऱ्या कारखान्यातला उत्प्रेरक होता. पण त्या धक्क्यानंतर जपान सरकारने कॉस्टिक उद्योगालाही पारा सोडायला लावले, आणि मेंब्रेनवरच्या कामाला तिथे जोर आला. पाऱ्याच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारानुसार पाऱ्याचे सेल बंद करण्याची मुदत 2025 ची होती. भारतातले कारखाने त्याआधीच मेंब्रेनकडे वळले होते.

प्रश्न : आमच्या कागदगिरणीत रिकॉस्टिसायझिंग विभाग आहे. तिथे आम्ही चुन्यापासून कॉस्टिक बनवतोच. मग बाहेरून लायचे टँकर कशाला येतात?
— कागदगिरणीतील पर्यवेक्षक, चंद्रपूर जिल्हा

तुमच्या विभागात चालते ती कॉस्टिकची सर्वांत जुनी औद्योगिक पद्धत. सोडा ॲशच्या (सोडियम कार्बोनेटच्या) द्रावात विरवलेला चुना घातला की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते आणि निवळीत कॉस्टिक राहतो. १ टन कॉस्टिकसाठी हिशोबाने १.३३ टन सोडा ॲश आणि ०.७ टन चुनकळी लागते, गाळ पडतो सव्वा टन. विजेची पद्धत रुळण्याआधी जग याच कॉस्टिकवर चालले.

ही क्रिया पूर्ण होत नाही, हे तिचे मर्म. द्राव जितका तीव्र, तितका कॉस्टिकच क्रियेला मागे ढकलतो. म्हणून १०-१२ टक्क्यांच्या वर जाण्यात अर्थ नसतो. रूपांतर वाढावे म्हणून चुना जास्त टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. जादा चुना विरघळत नाही, गाळ बारीक आणि चिकट होतो, निवळण टाकीत बसत नाही आणि गाळणीवर केक ओला राहतो. चुन्यात सिलिका जास्त असली तरी हेच होते.

आता टँकरचे. तुमच्या व्हाइट लिकरमध्ये (लाकूड शिजवायच्या द्रावात) कॉस्टिकबरोबर सोडियम सल्फाइड असते. लाकूड शिजवायला ते हवेच, पण ब्लीचिंगमधल्या क्षाराच्या टप्प्याला सल्फाइड चालत नाही. ते ब्लीचिंगची रसायने खाऊन टाकते. तिथे विकतची शुद्ध लाय लागते. शिवाय पल्पबरोबर आणि धुण्यात जो सोडियम निसटतो, त्याची भरपाई काही अंशी याच वाटेने होते.

प्रश्न : मेंब्रेन प्लांटच्या ब्राइन (मिठाचे पाणी) विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून लागलो आहे. सेल हाऊसला महत्त्व आणि आम्हाला दुय्यम, असे वाटते. रोज बेरियम, सोडा, कॉस्टिक यांचे डोस बदलत असतात. त्यामागचे गणित समजावून द्याल का?
— प्रशिक्षणार्थी, दहेज

सेल हाऊसमधले पडदे किती वर्षे टिकणार हे तुमच्याच विभागात ठरते, त्यामुळे दुय्यम वगैरे मनातून काढून टाका.

पश्चिम किनाऱ्यावरच्या मिठागरांतल्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सल्फेट हे तिघे नेहमीचे सोबती. पडद्यात शिरल्यावर प्रत्येकाचा उपद्रव वेगळा असतो. कॅल्शियम कॅथोडकडच्या थरात हायड्रॉक्साइड होऊन बसते, करंट एफिशियन्सी (दिलेल्या विजेपैकी कामी येणारा वाटा) घटते. मॅग्नेशियम ॲनोडकडच्या बाजूलाच अडकते, व्होल्टेज चढते. सल्फेट फार झाले तर सोडियम सल्फेटचे स्फटिक पडद्याच्या आत होतात आणि एफिशियन्सी पुन्हा खाली येते. लक्षण पाहून चोर ओळखता येतो तो असा.

डोसचे गणित सोपे आहे. १ किलो कॅल्शियमला २.६५ किलो सोडा ॲश, १ किलो मॅग्नेशियमला ३.३ किलो कॉस्टिक, १ किलो सल्फेटला २.०५ किलो बेरियम कार्बोनेट. समजा मिठात ०.२ टक्के कॅल्शियम, ०.१ टक्के मॅग्नेशियम आणि ०.६ टक्के सल्फेट आहे आणि १ टन कॉस्टिकमागे दीड टन मीठ वापरतो. म्हणजे कॅल्शियम ३ किलो, मॅग्नेशियम १.५ किलो, सल्फेट ९ किलो. लागेल ८ किलो सोडा ॲश, ५ किलो कॉस्टिक आणि १८.५ किलो बेरियम कार्बोनेट.

इथे नवखे एक गोष्ट विसरतात. बेरियम कार्बोनेटने सल्फेट धरले की त्याचा कार्बोनेट मोकळा होतो. वरच्या उदाहरणात तो जवळजवळ १० किलो सोडा ॲशइतका भरतो, म्हणजे कॅल्शियमची गरज त्यातच भागते. सोडा ॲश मग फक्त जादा प्रमाण टिकवण्यापुरती लागते. हे लक्षात न घेता दोन्ही डोस पूर्ण दिले की कार्बोनेट साठत जातो, पुढे आम्ल जास्त लागते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून क्लोरीनमध्ये मिसळतो.

क्रम असा : आधी बेरियम कार्बोनेट, कारण ते जवळजवळ अविद्राव्य असते आणि सावकाश क्रिया करते, मग सोडा ॲश, मग कॉस्टिक. निवळलेल्या ब्राइनमध्ये जादा सोडा ॲश लिटरला ०.३ ते ०.५ ग्रॅम आणि जादा कॉस्टिक ०.१ ते ०.३ ग्रॅम ठेवतात, पीएच १०.५ ते ११ असतो. बेरियम मात्र कधीही जादा देऊ नये. सल्फेट मुद्दाम थोडे शिल्लक ठेवतात, कारण जादा बेरियम पुढे पडद्यापर्यंत पोहोचते. बेरियम कार्बोनेट विषारी आहे. गोणी ओतताना मास्क आणि हातमोजे, आणि त्या जागी खाणे-पिणे नाही. नव्या कारखान्यांत सल्फेट नॅनोफिल्ट्रेशनने काढून बेरियमचा गाळच टाळतात. ज्यांना परवडते त्यांनी तेच करावे असे आमचे मत.

निवळण टाकी गढूळ झाली की पहिला संशय मॅग्नेशियमवर घ्या. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड हलके आणि फुगीर असते, ते कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनदार कणांबरोबरच खाली बसते. मिठात मॅग्नेशियम वाढले आणि कॅल्शियम घटले की गाळ तरंगतो. दुसरे कारण तापमान. टाकीत येणाऱ्या ब्राइनचे तापमान थोड्या वेळात काही अंशांनी वाढले की आत प्रवाह उलटतात आणि बसलेला गाळ वर येतो. फ्लॉक्युलंट (गाळाचे कण एकत्र आणणारे रसायन) वाढवून हे सुटत नाही, उलट तो पुढच्या गाळण्या बुजवतो.

पुढे अँथ्रासाइट फिल्टर, मग अल्फा-सेल्युलोजचा लेप दिलेले कँडल फिल्टर. इथपर्यंत कॅल्शियम-मॅग्नेशियम काही पीपीएमवर (दशलक्षात काही भागांवर) येते. पडद्याला लागते २० पीपीबीच्या (अब्जात २० भागांच्या) खाली. ते काम चिलेटिंग रेझिनचे, म्हणजे धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांचे. ब्राइन ६० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पीएच ९ ते १० ठेवतात. दोन कॉलम एकापाठोपाठ चालू, तिसरा रीजनरेशनमध्ये : आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने धातू काढायचे, धुवायचे, मग कॉस्टिकने रेझिन पुन्हा सोडियमच्या रूपात आणायचे. दुसरा कॉस्टिकचा टप्पा अर्धवट झाला की कॉलम चालू केल्याबरोबर पीएच कोसळतो आणि कॅल्शियम निसटते.

रेझिनचा खरा शत्रू म्हणजे मोकळा क्लोरीन. सेलमधून परत येणारी, लिटरला २०० ते २२० ग्रॅम मीठ उरलेली ब्राइन क्लोरीनने भरलेली असते. तिच्यात आम्ल घालून पीएच २ च्या जवळ आणतात, निर्वात मनोऱ्यात क्लोरीन ओढून घेतात, मग कॉस्टिकने पीएच वाढवून सोडियम सल्फाइटने उरलासुरला क्लोरीन मारतात. सल्फाइटचा पंप बंद पडला आणि ओआरपी मीटर (क्लोरीन उरला आहे का ते सांगणारे) चुकीचे दाखवत राहिले, तर रेझिन काही तासांत कायमचे खराब होऊ शकते. मीटर रोज तपासा, आणि पोटॅशियम आयोडाइडची हातचाचणी दर पाळीला कराच.

प्रश्न : सेलमध्ये हायड्रोजनचा दाब क्लोरीनपेक्षा जास्त का ठेवतात? उलट केले तर काय बिघडते?
— डिप्लोमा विद्यार्थी, रोहा

पडदा ॲनोडच्या जाळीला टेकून स्थिर राहावा म्हणून. दाबातला फरक साधारण काहीशे मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. तो कमी-जास्त होत राहिला तर पडदा फडफडतो, जाळीवर घासतो आणि त्याला टाचणीएवढी भोके पडतात. उलटा झाला तर पडदा कॅथोडकडे ढकलला जातो, ॲनोडशी अंतर वाढून व्होल्टेज चढते.

भोक पडल्याची खूण : त्या एलिमेंटचे (सेलच्या त्या एका घटकाचे) व्होल्टेज इतरांपेक्षा कमी, विशेषतः कमी लोडवर, लायमध्ये मीठ वाढलेले, क्लोरीनमध्ये ऑक्सिजन वाढलेला. हायड्रोजन क्लोरीनच्या बाजूला गेला तर धोका मोठा. क्लोरीनमध्ये हायड्रोजन सुमारे ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण स्फोटक होते. म्हणून त्याचे विश्लेषण नियमित करतात आणि मर्यादा त्याच्या बरीच खाली ठेवतात.

प्रश्न : एक टन कॉस्टिकला नक्की किती युनिट वीज लागते? वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात.
— वाचक, नागपूर

आकडे वेगळे दिसतात कारण कोणी फक्त सेलमधली डीसी वीज मोजतो, तर कोणी रेक्टिफायर, पंप आणि कॉम्प्रेसरही धरतो. सेलचा हिशोब स्वतः करता येतो. १ किलोअँपिअर-तासात १.४९२ किलो कॉस्टिक बनते, म्हणजे टनाला ६७० किलोअँपिअर-तास. करंट एफिशियन्सी ९६ टक्के असेल तर ६९८. सेलचे व्होल्टेज ३.०५ असेल तर गुणाकार येतो सुमारे २,१३० युनिट.

यावरून दुसरी गोष्ट कळते. व्होल्टेज ०.१ ने वाढले की टनामागे ७० युनिट जास्त जातात. रोज १०० टनांच्या कारखान्यात ते ७,००० युनिट झाले. एफिशियन्सी १ टक्का घसरली तर टनामागे २२ युनिट. व्होल्टेजवर म्हणूनच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. पडदे बदलायची वेळ कधी आली हेही याच दोन आकड्यांवरून ठरते, कॅलेंडरवरून नाही. पाऱ्याच्या सेलला याच कामासाठी ३,००० युनिटांहून जास्त लागत.

प्रश्न : क्लोरीनच्या एकाच लाइनीत सुरुवातीला टायटॅनियम आणि पुढे साधे पोलाद का? सगळीकडे महागडा, गंजरोधक धातू का नाही वापरत?
— यांत्रिकी विभागातील तंत्रज्ञ, लोटे परशुराम

तो महागडा धातूच पुढे जळेल, म्हणून. ओल्या क्लोरीनमध्ये टायटॅनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर टिकतो आणि पोलाद झपाट्याने खाल्ले जाते. कोरड्या क्लोरीनमध्ये बरोबर उलटे होते : टायटॅनियमचा थर टिकत नाही आणि तो धातू पेट घेतो, पोलाद मात्र सुरक्षित राहते. म्हणून कूलरपर्यंत टायटॅनियम किंवा एफआरपी (काचतंतूचे प्लास्टिक), आणि सल्फ्युरिक आम्लाच्या ड्राइंग टॉवरनंतर कार्बन स्टील.

कूलिंगमध्येही मर्यादा आहे. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली क्लोरीन हायड्रेटचे पिवळसर स्फटिक जमून नळी बुजते, म्हणून साधारण १२ ते १५ अंशांवर थांबतात. ड्राइंग टॉवरमध्ये ९८ टक्क्यांचे आम्ल जाते, ७८ टक्क्यांच्या आसपास उतरले की काढून घेतात. दुरुस्तीत गॅस्केट किंवा व्हॉल्व्ह बदलताना पलीकडच्या लाइनीतला सुटा भाग उचलून लावणे ही या कामातली सर्वांत महाग पडणारी घाई. आणि कोरड्या लाइनीत तेल-ग्रीस अजिबात नको. क्लोरीनमध्ये ते पेटते.

प्रश्न : आमचे मर्सरायझिंगचे (सुती कापडाला कॉस्टिकने चमक आणण्याचे) युनिट आहे. फ्लेक्स (घन कॉस्टिकचे पापुद्रे) घ्यावेत की लाय? आणि लाय पातळ करताना पाणी किती घालायचे? गेल्या थंडीत टाकीतून लाय येईनाशी झाली होती.
— यंत्रमाग व प्रोसेस व्यावसायिक, इचलकरंजी

आधी भाव. लायचा दर बऱ्याचदा शंभर टक्के कॉस्टिकच्या, म्हणजे ड्राय टनाच्या हिशोबाने सांगतात. १,००० किलो ४८ टक्के लायमध्ये कॉस्टिक ४८० किलो, बाकी पाणी. तेवढ्याच कॉस्टिकसाठी ९८ टक्क्यांचे फ्लेक्स ४९० किलो पुरतात. म्हणजे लायमध्ये निम्म्याहून जास्त भाडे पाण्यावर जाते, तर फ्लेक्समध्ये ते पाणी उडवण्याचे इंधन तुमच्या माथी येते. कारखाना जवळ असेल आणि खप टँकरने मागवण्याइतका असेल तर लाय. लांब आणि थोडके असेल तर फ्लेक्स. सोय पाहिली तर लाय बरी, कारण फ्लेक्स विरघळवण्याचे काम धोक्याचे.

तो धोका किती? २५ किलो फ्लेक्स ७५ लिटर पाण्यात एकदम टाकले तर तापमान ७० अंशांच्या आसपास वाढते, म्हणजे ३० अंशांचे पाणी उकळायला टेकते. फ्लेक्स नेहमी पाण्यात, थोडे थोडे, ढवळत टाकावेत. फ्लेक्सवर पाणी ओतले तर वरचा थर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांवर बंद गॉगल हवाच. चष्मा पुरत नाही. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने किमान १५-२० मिनिटे धुवायचे, व्हिनेगर-लिंबू शोधत बसायचे नाही. डोळ्यात गेले तर धुणे चालू ठेवून दवाखाना गाठायचा.

आता लाय पातळ करणे. ४८ टक्के लायची घनता सुमारे १.५, म्हणून १०० लिटर म्हणजे १५० किलो. त्यात कॉस्टिक ७२ किलो. २० टक्के हवे तर एकूण वजन ३६० किलो झाले पाहिजे, म्हणजे पाणी २१० लिटर. आकारमान मात्र ३१० लिटर होत नाही, २९६ च्या जवळ भरते, कारण मिसळल्यावर द्राव आकसतो. टाकीची खूण पाहून पाणी घालणाऱ्यांची तीव्रता इथेच चुकते. आधी पाणी, त्यात लाय.

ट्वाडल (हायड्रोमीटरवरचे घनतेचे माप) मोजताना ५० ट्वाडल म्हणजे साधारण २३ टक्के, पण तेही ताज्या लायसाठी. मर्सरायझिंगमधून परत आलेल्या लायमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट झालेले असते. हायड्रोमीटर ते कॉस्टिक म्हणूनच दाखवतो आणि कापडाला चमक येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी बेरियम क्लोराइड घालून, फिनॉल्फथॅलिनवर टायट्रेशन करून घ्या.

थंडीतली अडचण स्फटिकांची. ४८-५० टक्के लाय १०-१२ अंश सेल्सिअसला जमू लागते. मग कोणी तरी सल्ला देतो, थोडे पाणी घाला. ऐकू नका. ४८ वरून ४० टक्क्यांवर आणले तर ती १५ अंशांनाच गोठते, कारण ३९ टक्क्यांच्या आसपास वेगळा हायड्रेट बनतो. पातळ करायचेच तर थेट २० टक्क्यांवर न्या, ती शून्याच्या खूप खाली गेली तरी वाहती राहते. नाहीतर टाकीला आणि लाइनीला लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) करून गरम पाण्याची कॉइल द्या. जमलेल्या नळीवर ज्योत लावू नये. साधे पोलाद ५०-६० अंशांच्या वर कॉस्टिकने तडकते, वेल्डजवळ आधी.

नळी, व्हॉल्व्ह, बादली यांत ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा नको. कॉस्टिक दोन्ही खातो आणि हायड्रोजन सोडतो. बंद टाकीत तो साठतो.

प्रश्न : मीठ आणि वीज एवढेच लागत असेल तर कॉस्टिकचा छोटा घरगुती उद्योग काढता येईल का?
— वाचक, बीड

नाही. बादलीत दोन सळया घालून वीज सोडली तर क्लोरीन आणि कॉस्टिक लगेच मिसळतात आणि पातळ हायपोक्लोराइट मिळते, गरम झाले तर क्लोरेट. वर क्लोरीन आणि हायड्रोजन दोन्ही खोलीत सुटतात. रोज १ टन कॉस्टिक करायचा म्हटला तरी सोबत ८८६ किलो क्लोरीन निघेल. त्याला वाळवणे, दाबणे, टनरमध्ये (मोठ्या सिलिंडरमध्ये) भरणे आणि गळती झाल्यास शोषून घेणारा कॉस्टिकचा मनोरा, हे सगळे हवे. एवढे करून छोट्या प्रमाणात खर्च निघत नाही.

मीठ आणि वीज यांतून लहान प्रमाणात करण्याजोगी एक गोष्ट आहे, पण ती कॉस्टिक नव्हे. पाणीपुरवठ्यासाठी जागेवरच हायपोक्लोराइट बनवणारी तयार यंत्रे मिळतात. १ किलो क्लोरीनइतक्या हायपोक्लोराइटला त्यांना सुमारे ३ ते ३.५ किलो मीठ आणि ४.५ ते ५.५ युनिट वीज लागते, द्राव १ टक्क्याहूनही पातळ असतो. तिथेही हायड्रोजन बाहेर सोडण्याची नळी छपरावर न्यावी लागते.

प्रश्न : कॉस्टिकला मागणी असतानाही कारखाने लोड कमी करतात असे ऐकले. का?
— रसायन विक्रेते, कल्याण

क्लोरीन उचलला जात नसेल तर. दोन्ही एकाच वेळी, ठरलेल्या प्रमाणात निघतात. कॉस्टिक टाकीत महिनाभर ठेवता येतो, क्लोरीन फार साठवता येत नाही आणि तो साठवणे धोक्याचेही असते. अमेरिका-युरोपात पीव्हीसीमुळे क्लोरीनला गिऱ्हाईक मोठे, म्हणून कारखाना क्लोरीनसाठी चालतो. आपल्याकडे ॲल्युमिना, कापड, कागद, साबण यांना कॉस्टिक हवा असतो आणि क्लोरीन मागे उरतो. मंदीत तर क्लोरीनचा भाव उणे होतो, म्हणजे विक्रेता पदरचे पैसे देऊन तो उचलायला लावतो आणि ते कॉस्टिकच्या भावात भरून काढतो. शेजारी क्लोरोमिथेन, क्लोरिनेटेड पॅराफिन किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल करणारा असला की कारखाना पूर्ण लोडवर चालतो. तुमच्याकडे कॉस्टिकचा दर अचानक चढला तर आधी क्लोरीनचा दर विचारा.

प्रश्न : फ्लेक्स करताना कॉस्टिकमध्ये साखर घालतात, हे खरे का?
— विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, फोंडा

खरे आहे. ५० टक्के लाय पाणीविरहित करायला ४०० अंश सेल्सिअसच्या जवळ जावे लागते. तिथे वाफ पुरत नाही. पोटॅशियम नायट्रेट, सोडियम नायट्राइट आणि सोडियम नायट्रेट यांचे वितळलेले मिश्रण निकेलच्या नळ्यांभोवती फिरवतात. लायमध्ये सेलमधून आलेले थोडे क्लोरेट असते. एवढ्या उष्णतेत ते फुटून ऑक्सिजन देते आणि तो निकेल खातो. साखरेचा पातळ द्राव आधीच मिसळला की क्लोरेट तिच्याशी क्रिया करून साधे क्लोराइड होते आणि नळ्या वाचतात. साखर जास्त झाली तर तिचे कार्बोनेट मालात वाढते, म्हणून लायमधले क्लोरेट मोजूनच डोस ठरवतात. तो कमी पडल्याचे फ्लेक्समधल्या निकेलच्या चाचणीत दिसते. त्यानंतर वितळलेला कॉस्टिक आतून पाण्याने थंड केलेल्या फिरत्या ड्रमवर पसरतो, घट्ट होतो, पाते तो खरवडते, आणि फ्लेक्स लगेच हवाबंद पिशवीत भरतात. उघडे राहिले तर काही मिनिटांत हवेतली ओल शोषून चिकटतात.

मेंब्रेन लायमध्ये क्लोरेट मुळातच कमी असल्याने साखरही थोडीच लागते. ते क्लोरेट कमी राहावे म्हणून परत येणाऱ्या ब्राइनचा थोडा भाग बाजूला काढून आम्ल घालून ८५-९० अंशांवर तापवतात.